वहीतले नंबर

आज पहाटे पावणेपाचला उठून, पोळीभाजीचा डबा भरून, भाच्याला घेऊन रेल्वेच्या एका प्रदर्शनाला गेले होते. घरी येऊन तास झाला, अजून पिशवीतला डबा बाहेर काढलेला नाही. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय.

कुठलं स्टेशन, कुणी भरवलं होतं, ते लिहिणार नाही. कमेंटमध्येही विचारू नका. नाव घेतलं की वरच्यांना काही होत नाही, दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या खालच्या माणसाला मेमो मिळतो. मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेय, मला ठाऊक आहे.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं, 'रेल्वेप्रेमींसाठी पर्वणी'. भाचा सातवीत आहे. आठवडाभर त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याची एक दोनशे पानी वही आहे. तारीख, गाडी, इंजिनाचा नंबर, शेड (म्हणजे इंजिनाचं घर, जिथे त्याची देखभाल होते) आणि शेवटी 'शेरा' असे रकाने त्याने स्वतः पट्टीने आखलेत. शेऱ्यात काय लिहितो? "हॉर्न छान." "ड्रायव्हर काकांनी हात केला." "कल्याण शेड, नुकतंच धुतलेलं." ही वही लक्षात ठेवा.

तिथे पोहोचलो तर फुग्यांची कमान, सेल्फी पॉइंट, बँड, आणि भाषणांसाठी मांडलेल्या पांढऱ्या खोळींच्या खुर्च्या. फलाटावर एक इंजिन सजवून उभं केलेलं. इतके हार आणि समोर एवढा मोठा फ्लेक्स, की नंबर आणि शेड दोन्ही झाकलेले! भाचा वही उघडून तीनदा इकडून तिकडे फिरला. शेवटी म्हणाला, "मावशी, हे कोण आहे तेच कळत नाहीये." आम्ही त्या इंजिनाला भेटायला आलो होतो हो. ज्याच्यासाठी कार्यक्रम, त्याचाच चेहरा झाकायचा?

पुढे चित्रांचे बोर्ड लावले होते. त्यातल्या एकावर खेकड्याचा सुंदर जुना फोटो, आणि खाली ओळ, 'जुने वाफेचे इंजिन'.

माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१. १९२८ पासून जीआयपी रेल्वेवर, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजावर, आलेलं, विजेवर चालणारं मालगाडीचं इंजिन. मूळचं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरचं, नंतरची बरीचशी इंग्लंडमध्ये बांधली, एकूण ४१. मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकाडं आणि सगळं अंग सांध्यासांध्यांनी जोडलेलं, म्हणून घाटातल्या वळणावर ते वळायचं. जगभर या घराण्याला मगर म्हणतात, आपल्या माणसांनी त्याला खेकडा केलं. त्याच्या चाकांना बाहेरून दांडे असतात, अगदी वाफेच्या इंजिनासारखे. त्यामुळे गल्लत होऊ शकते, मान्य. पण डोक्यावर वरच्या तारेतून वीज घेणारा पॅन्टोग्राफ आहे ना! आणि प्रदर्शन कशाचं होतं? विजेच्या गाड्यांच्या इतिहासाचं! ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी धावली, हे शेजारच्याच बोर्डावर लिहिलेलं. घाटात ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, अशा चढावर मालगाड्या ओढायला ज्याला आणलं, त्यालाच तुम्ही वाफेचं म्हणता?

भाच्याने अगदी हळू आवाजात तिथल्या साहेबांना सांगितलं, "काका, हे वाफेचं नाहीये." साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, टेबलावरचं चॉकलेट दिलं आणि म्हणाले, "तिकडे चित्रकला स्पर्धा आहे बघ, जा."

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या वागण्यात तुसडेपणाही नव्हता. तेच जास्त लागलं.

रेल्वेची आवड म्हणजे बालवाडीतली गोष्ट, अशी यांची पक्की समजूत आहे. लहान असाल तर चॉकलेट. मोठे असाल तर दोनच प्रश्न: "रेल्वेत नोकरीला आहात का?" आणि हल्लीचा, "यूट्यूब चॅनेल आहे का?" दोन्हीला नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो. मी बाई असल्यामुळे मला तिसरा प्रश्न असतो, "मुलाला दाखवायला आणलंय वाटतं?" अहो, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, इगतपुरीत वाढलेय. माझ्या शाळेच्या दिवसांत तिथे इंजिनं बदलायची, मुंबईकडची डीसी विजेवरची आणि भुसावळकडची एसी विजेवरची. वर्गात बसून आवाजावरून ओळखायचे मी. माझे अप्पा बँकरवर ड्रायव्हर होते. चढावर गाडीला मागून रेटणारं इंजिन, ज्याच्याकडे गाडीतल्या कुणाचं लक्षही नसतं, त्यावर त्यांची निम्मी नोकरी गेली. खेकड्यावरही उमेदीच्या काळात काम केलं त्यांनी. म्हणायचे, तो चालत नाही, कण्हत जातो. तर मला भाच्याचं निमित्त लागत नाही. आज उलट त्याला माझं निमित्त होतं.

आता त्या वहीचं.

दुपारी बाजूच्या लाइनीवर एक मालगाडी येऊन थांबली. तिच्या इंजिनावर फ्लेक्स नव्हता. भाचा आनंदाने पळत गेला आणि नंबर लिहायला लागला. मी पाणी भरून घेत होते. परत आले तर गणवेशातल्या एका माणसाने वही हातात घेतलेली आणि एकेक पान उलटून विचारतोय, "हे नंबर कशाला लिहितोस? कुणी सांगितलं लिहायला? कुणाला देतोस?"

पोरगं म्हणालं, "आवडतात म्हणून."

"आवडतात म्हणजे?"

यावर काय उत्तर द्यायचं तेरा वर्षांच्या मुलाने? गावसकरच्या १०,१२२ धावांचा हिशेब तोंडपाठ असेल तर चारचौघांत त्याला उभं करून बोलायला लावतात. क्रिकेटवेड्याला कुणी विचारत नाही की आकडे कुणाला देतोस. आणि हे नंबर काय गुपित आहेत? तुम्हीच ते इंजिनाच्या तोंडावर हातभर उंचीचे रंगवता!

२६ नोव्हेंबर २००८ नंतर स्टेशनवरच्या माणसाने जरा संशयाने बघावं, हे मला कळतं. रुळांत उभे राहून व्हिडिओ काढणारे, दारात लोंबकळणारे आमच्यातच आहेत, हेही कबूल. त्यांना धरा, दंड करा, मी टाळ्या वाजवीन. पण त्याच वेळी पलीकडे तीन-चार जण कॅमेऱ्यासाठी सजवलेल्या इंजिनाच्या पायऱ्यांवर चढून नाचत होते आणि त्यांना खाली उतरा म्हणायला कुणी नव्हतं. नाचणाऱ्यांवर माझा राग नाही, तरुण आहेत. माझा प्रश्न एवढाच की इंजिनावर चढणारा पाहुणा आणि इंजिनाचा नंबर लिहून घेणारा संशयित, हे कुणी ठरवलं?

वही परत मिळायला दहा मिनिटं लागली. मी आवाज चढवला, मग मिळाली. "मॅडम, एवढं काय त्यात" हेही ऐकून घेतलं.

त्यात बरंच काही आहे. नॅरोगेजच्या, मीटरगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या, शेवटच्या गाड्या बंद झाल्या तेव्हा फलाटावर कोण होतं? बार्शी लाइट असो की आमच्या विदर्भातल्या मित्रांची शकुंतला, तिचे फोटो, वेळा, इंजिनांची यादी कुणी जपून ठेवली? ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बरवर शेवटची डीसी लोकल निघाली, तिच्यासाठी जागणारे कोण होते? पुण्यात भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या वेडातून छोट्या गाड्यांचं आख्खं संग्रहालय उभं केलं, ते कुणाच्या आदेशावरून नाही. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक चिमुकली रेल्वे बंद पडायच्या बेतात होती, १९५१ पासून ती हौशी लोकांनीच चालवली, आजही चालते. तिथे वहीवाल्याच्या हातात फावडं देतात. आपल्याकडे चॉकलेट.

तिथलं सगळं इथे आणा असं मी म्हणत नाही. रेल्वेचं काम माणसं पोहोचवणं आहे, आमचे लाड करणं नाही, हे अप्पांच्या मुलीला शिकवायला नको. पण आम्हाला लागतं तरी काय? इंजिनाचा नंबर दिसू द्या. एका कागदावर लिहा, कधी बांधलं, कुठे बांधलं, कुठल्या शेडचं. ते चालवलेला एखादा निवृत्त ड्रायव्हर खुर्ची टाकून बसवा. पाच-पाच जणांना केबिन दाखवा. फुग्यांच्या कमानीपेक्षा स्वस्तात होईल. अप्पा असते तर फुकट आले असते. इस्त्रीचा शर्ट घालून, तासभर आधी.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, तर हेही लिहिते. निघताना बोर्डापाशी एक गृहस्थ भेटले, निळा डगला घातलेले, हाताला ग्रीस. वर्कशॉपमधून सामान घेऊन आले होते. भाचा त्या फोटोकडे बघत उभा होता. ते स्वतःहून म्हणाले, "खेकडा आहे तो. कोण वाफेचं म्हणतं?" मग पंधरा मिनिटं बोलत होते. दोन मोटरी मिळून मधला आस कसा फिरवतात, तो दांड्यांना कसा ओढतो, दोन बोटांनी हवेत काढून दाखवलं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात सर लेस्ली विल्सन नावाचा खेकडा उभा आहे, तो जाऊन बघ म्हणाले. भाच्याला 'अरे मित्रा' म्हणत होते. दिवसभरात त्याच्याशी माणसासारखं बोललेला तो एकच माणूस, आणि त्याला व्यासपीठावर कुणी बोलावलेलं नव्हतं.

मला वाटलं, पोरगं सावरलं.

परतीच्या गाडीत आम्ही मुद्दाम शेवटच्या डब्यात बसतो, कसाऱ्याला बँकर लागतात ते जवळून दिसावेत म्हणून. प्रत्येक वेळी ठरलेलं असतं. गाडी थांबायच्या आत तो दारात, हातात वही, आणि मागून धक्का बसला की माझ्याकडे बघून हसणार. आज धक्का बसला. तो खिडकीशी बसून राहिला. म्हटलं, "अरे, बँकर लागले." म्हणाला, "असू दे मावशी. कुणीतरी विचारेल."

मीच उतरले. नंबर हातावर लिहून घेतले, कागद शोधायला वेळ नव्हता.

तो आत झोपलाय. वही दप्तरात आहे. अजून हात धुतले नाहीत मी.