गोळीने पेशी उपाशी राहत नाही

“पेशीचं आवरण कोलेस्टेरॉलवर उभं आहे. रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी कराल तर पेशी उपाशी राहतील, मेंदू वाळेल. शरीर स्वतःच सगळं सांभाळतं, गोळ्या बंद करा.” हा निरोप आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा फिरला आणि तिसऱ्या वेळी मामांनी खरंच कोलेस्टेरॉलची गोळी सोडली. म्हणून हे लिहितेय.

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, त्यामुळेच पुढचं खपतं. पेशीच्या बाहेरच्या पटलातल्या दर दहा स्निग्ध रेणूंमागे तीन-चार कोलेस्टेरॉलचेच असतात. पण आपल्याला पुरतंय की नाही, हे पेशी रक्तावरून ठरवत नाही. ती स्वतःच्या पोटात मोजते, तेही जिथे मुळातच फार थोडं असतं तिथे: आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या नळ्या-पिशव्यांच्या जाळ्याच्या पटलात. बाहेर एवढी रेलचेल, इथे जेमतेम पाच टक्के. पिंपातलं तांब्याभर पाणी कमी झालं तर कळत नाही, कळशीतलं लगेच कळतं.

या पटलात स्कॅप नावाचं प्रथिन असतं. कोलेस्टेरॉल पुरेसं असलं की ते स्कॅपला चिकटतं आणि इन्सिग हे दुसरं प्रथिन स्कॅपला जागेवर धरून ठेवतं. पातळी त्या पाच टक्क्यांखाली उतरली की पकड सुटते. मग स्कॅप आपल्या जोडीदाराला, एसआरईबीपी या प्रथिनाला, पेशीतल्या दुसऱ्या कप्प्यात, गॉल्गी संकुलात नेतं. तिथे दोन विकरं (एन्झाइम) त्याला कापतात, आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन दोन कामं लावतो: घरात कोलेस्टेरॉल बनवा आणि बाहेरचं एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, आत ओढणारे ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरची पकडणारी प्रथिनं) वाढवा.

आता गोळीचं बघा. मामांची गोळी म्हणजे स्टॅटिन; ते पेशीतलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन रोखतं, मुख्यतः यकृतात. यकृताच्या पेशीला तूट जाणवते, स्कॅप निघतं, ग्राही वाढतात आणि रक्तातलं एलडीएल पेशीत जातं. रिपोर्टातला आकडा उतरतो तो पेशींनी माल उचलला म्हणून. ज्या स्वयंनियमनाचा दाखला देऊन निरोप गोळी बंद करायला सांगतो, गोळी चालते त्याच्याच जोरावर!

रक्तात जास्त म्हणजे पेशींची चंगळ, हेही खरं नाही. अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात ज्या मुलांच्या पेशी तपासल्या, त्यांना आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेलं होतं. अशा मुलांच्या रक्तात एलडीएल नेहमीच्या सहापटींहून जास्त असू शकतं, आणि लहानपणीच हृदयविकाराचा झटका येतो. प्रयोगशाळेत निरोगी माणसाच्या त्वचेच्या पेशींना एलडीएल दिलं की त्या स्वतःचं उत्पादन आवरतात. या मुलांच्या पेशी मात्र एलडीएलमध्ये बुडलेल्या असूनही कोलेस्टेरॉल बनवतच राहिल्या. आत घ्यायला चालणारे ग्राहीच नव्हते. या कामासाठी दोघांना १९८५चं नोबेल मिळालं.

मेंदूचं एका ओळीत: तो आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातलं एलडीएल तिथवर पोचतच नाही. आणि नवजात बाळाच्या रक्तात एलडीएल दर डेसिलिटरला साधारण ३० मिलिग्रॅमच असतं. तरी त्या वयात पेशी किती झपाट्याने वाढतात ते बाळ पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

मामा म्हणतात पोटऱ्या दुखायच्या. असेल, स्नायू दुखणं ही स्टॅटिनबाबतची ओळखीची तक्रार आहे. पण ती डॉक्टरांना सांगायची होती, ग्रुपला नव्हे.

राहिलं “शरीर स्वतःच सांभाळतं”. बहुतेक पेशी सांभाळतात, कारण पोट भरलं की त्या ग्राही कमी करतात. धमनीच्या भिंतीतल्या भक्षक पेशींचं तसं नाही. तिथे अडकून बिघडलेलं एलडीएल त्या वेगळ्याच ग्राहींनी गिळतात, आणि आत कितीही साठलं तरी हे ग्राही मिटत नाहीत. साठा थेंबाथेंबाने वाढत जातो; सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी फेसाने भरल्यासारखी दिसते. धमनीतला थर सुरू होतो तो याच पेशींपासून.