‘दुखत नाही ना, मग औषध कशाला?’ : मुलांच्या संधिवाताविषयीच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

लहान मुलांच्या संधिवाताविषयी एक संदेश अधूनमधून फिरत येतो. शब्द बदलतात, पण आशय तोच राहतो. संधिवात हा उतारवयाचा आजार आहे आणि मुलांचे पाय दुखतात ते वाढीच्या वयामुळे. रक्ताच्या तपासणीत काही निघाले नाही तर आजार नाही. खरोखरच संधिवात असला तरी वयात येताना तो आपोआप जातो. तोवर मुलाला पळू-खेळू न देता आराम द्यावा. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे मुळात कॅन्सरची असल्यामुळे ती मुलांना देणे म्हणजे विष पाजणे आहे. दुखायचे थांबले की औषध बंद करावे, नाहीतर मुलीला पुढे मूलबाळ होत नाही. शेवटी ‘प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती असते. मला हा संदेश आजवर चार जणांनी पाठवला आणि चौघांनीही तो माझ्या काळजीपोटीच पाठवला. वयाच्या सहाव्या वर्षापासून मी या आजारासह जगते आहे, म्हणून त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे मला भाग वाटते.

पहिल्या विधानाचा निकाल सव्वाशे वर्षांपूर्वीच लागला आहे. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या डॉक्टरांनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात काम करताना सांधे सुजलेल्या 22 मुलांची टिपणे तपशीलवार मांडली आणि हा आजार मोठ्यांच्या आमवातापेक्षा वेगळा असल्याचे 1897 मध्ये छापून दाखवून दिले. आज या आजारांच्या गटाला ज्युवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. सोळावा वाढदिवस होण्याआधी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेला सांध्याचा दाह, अशी त्याची व्याख्या आहे. त्याचे सात प्रकार मानले जातात आणि ते एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकीला झाले ते दुसरीला होईलच असे कोणी सांगू नये. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. झीज झाल्याने होणाऱ्या म्हातारपणच्या गुडघेदुखीशी त्याचा संबंध नाही.

वाढीच्या वयातील दुखणे ही मात्र खरी गोष्ट आहे आणि संदेश पसरतो तो या अर्ध्या सत्याच्या जोरावर. फरक ओळखणे फारसे अवघड नाही. वाढीच्या वयातले दुखणे संध्याकाळी किंवा रात्री येते, दोन्ही पायांत, मांड्या-पोटऱ्यांत येते, मूल रडून उठते, पाय चेपले की झोपते आणि सकाळी काही झालेच नव्हते असे धावू लागते. संधिवाताचे घड्याळ उलटे चालते. सकाळी मूल आखडलेले असते, लंगडते, कडेवर घ्या म्हणते आणि तास-दोन तासांनी हालचाल होऊ लागली की मोकळे होते. मी सकाळी जिना बसून, एकेक पायरी घसरत उतरत असे आणि दुपारी त्याच जिन्यावर पकडापकडी खेळत असे, त्यामुळे शाळा चुकवण्याचे नाटक असे त्याचे निदान घरात आधीच झाले होते. आईच्या लक्षात आले ते अंघोळीनंतर पाय पुसताना: उजव्या गुडघ्याच्या वाटीशेजारी दोन्ही बाजूंना खळगे दिसत होते, डाव्या गुडघ्याला ते नव्हतेच, तो गुडघा गुळगुळीत, भरल्यासारखा झाला होता. तिने दाबून विचारले, ‘दुखतंय का गं?’ मी ‘नाही’ म्हणाले.

हे ‘नाही’ खोटे नव्हते. लहान मुलाकडे तुलनेसाठी दुसरे शरीर नसते. जे रोज होते तेच त्याला नेहमीचे वाटते. ते तक्रार करत नाही, फक्त एकेक गोष्ट करणे सोडून देते. मांडी घालून बसत नाही, बाटलीचे झाकण दुसऱ्याकडे देते, धावताना मागे राहते. संदेशातील सगळ्या विधानांच्या मुळाशी मात्र एकच गृहीत आहे: दुखते तो आजार, दुखत नाही तो आजार नाही. या एका गृहीतामुळे पुढची प्रत्येक चूक होते.

रक्ताच्या तपासणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. लोक ज्याला ‘आरए फॅक्टर’ म्हणतात तो, म्हणजे मोठ्यांच्या आमवातात रक्तात बहुधा सापडणारा घटक, या मुलांपैकी शंभरात साधारण पाच जणांतच सापडतो. ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, गुडघा सुजलेला असतानाही नॉर्मल येऊ शकते. सुरुवातीच्या एक्स-रेत हाडे स्वच्छ दिसतात. निदान होते ते जाणत्या डॉक्टरांनी मुलाचा एकेक सांधा हाताळून, वाकवून, दुसऱ्या बाजूशी ताडून. तपासण्या त्या निदानाला साथ देतात आणि दुसरे आजार बाजूला काढतात, एवढेच.

एक तपासणी मात्र अशी आहे की जिच्याविषयी हा संदेश अवाक्षरही काढत नाही आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी चूक आहे. ती डोळ्यांची. या आजारात बुबुळाभोवतीच्या भागाला दाह होतो, त्याला युव्हिआयटिस म्हणतात. मोठ्या माणसाला असा दाह झाला तर डोळा बहुधा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. संधिवात असलेल्या लहान मुलात बहुतेक वेळा यातले काहीही होत नाही. डोळा स्वच्छ दिसतो, मूल हसत-खेळत असते आणि एका डोळ्याने अंधूक दिसत असले तरी दुसरा डोळा काम भागवत असल्याने ते त्यालाही कळत नाही. घरच्यांना काही दिसेपर्यंत आत मोतीबिंदू, काचबिंदू किंवा बुबुळावर चुन्याचा पट्टा तयार झालेला असू शकतो. म्हणून थोड्याच सांध्यांना सूज असलेल्या, कमी वयात आजार सुरू झालेल्या आणि एएनए ही रक्ततपासणी (शरीराच्या स्वतःच्या पेशींवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची) पॉझिटिव्ह आलेल्या मुलांचे डोळे काहीही तक्रार नसताना दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासायचे असतात. डोळ्यांचा दाह सांध्यांच्या तालावर चालत नाही. गुडघा पूर्ण शांत असताना तो येऊ शकतो. हनुवटी टेकवून त्या यंत्राच्या निळसर उजेडाकडे पाहण्याचा मला लहानपणी भयंकर कंटाळा येई. ‘दिसतंय ना नीट, मग कशाला?’ असे मीही म्हणत असे, म्हणजे या संदेशाचे तर्कशास्त्र मला तेव्हा तोंडपाठ होते.

आता ‘वयात येताना आपोआप जातो’ हे विधान. अनेक मुलांचा आजार खरोखर शांत होतो. ज्यांचे चारपर्यंतच सांधे धरलेले असतात आणि तेवढेच राहतात, त्यांच्यात ही शक्यता अधिक असते. पण बऱ्याच जणांचा आजार मोठेपणीही सक्रिय राहतो आणि आरए फॅक्टर असलेल्यांत तो आपणहून जाणे विरळाच. कोणाचा जाईल हे आधी सांगता येत नसताना वाट पाहण्याची किंमत मुलाच्या वाढत्या हाडांना मोजावी लागते. दाह असलेल्या गुडघ्याला रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे लहान वयात तो पाय दुसऱ्यापेक्षा भरभर लांब होतो. मूल उंची जुळवण्यासाठी तो गुडघा वाकवून उभे राहते आणि हळूहळू तो तसाच आखडतो. दाह पुढे चालूच राहिला तर वाढीची कूर्चा वेळेआधी मिटून हाड आखूडही राहू शकते. जबड्याचा सांधा धरला तर हनुवटी मागे राहते, तोंड पुरेसे उघडत नाही, आणि तेही बहुधा न दुखता. रोज चढणारा ताप, अंगावर येऊन जाणारे पुरळ आणि सांधेसूज असा जो सर्वांगाला धरणारा प्रकार आहे, त्यात तर प्रतिकारशक्ती बेफाम होऊन जिवावर बेतू शकते. तिथे ‘वाट पाहू’ हा सल्ला देणाऱ्याला आपण काय सांगतो आहोत याची कल्पना नसते, असे मी सौम्य शब्दांत म्हणते.

आरामाचा सल्ला एकेकाळी डॉक्टरच देत. मुलांना महिनोन्‌महिने बिछान्यात ठेवत, सांध्यांना पट्ट्या बांधत. त्यातून उठलेल्या मुलांचे स्नायू वाळलेले आणि सांधे वाकलेल्या स्थितीत थिजलेले असत. सुजलेला गुडघा वाकवून ठेवला की बरे वाटते, म्हणून मायेचे माणूस त्याखाली उशी देते. मलाही दिली जात असे. फिजिओथेरपिस्टने पहिल्याच भेटीत ती उशी काढायला लावली, कारण रात्रभर वाकलेला गुडघा सकाळी सरळ होण्याचे विसरत जातो. पोहणे, सायकल, मांडीच्या स्नायूंचे रोजचे व्यायाम यांनी सांधा झिजत नाही. उलट भोवतीचे स्नायू त्याचा भार उचलतात. सूज उसळलेली असेल त्या दिवसांत उड्या आणि धक्के कमी करावेत, पण सांधा त्याच्या पूर्ण टप्प्यापर्यंत दिवसातून काही वेळा फिरलाच पाहिजे. शाळेत मला खेळाच्या तासाला गुण लिहायला बसवत. पाच वर्षे मी दुसऱ्यांच्या धावा मोजल्या. हेतू चांगला होता. पण किती खेळायचे आणि कधी थांबायचे हे ठरवायला मूल शिकते ते खेळूनच.

औषधांविषयीचे विधान सर्वांत जास्त घाबरवते, म्हणून त्यातले खरे आधी मान्य करते. मेथोट्रेक्सेट कॅन्सरवर वापरले जाते. पण तिथे एका वेळचा डोस काही हजार मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतो, तर मुलांच्या संधिवातात शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम आणि तेही आठवड्यातून एकदाच देतात. या लहान डोसाचे काम पेशी मारण्याचे नसून दाह शमवण्याचे असते. अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघातील 127 मुलांवर झालेली याची तौलनिक चाचणी 1992 मध्ये प्रसिद्ध झाली. त्रास होत नाही असे नाही. मळमळ होते, आणि ती इतकी मनात बसते की औषधाचा नुसता पिवळा रंग पाहून मला उमासे येत. यकृत आणि रक्तपेशींच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात, सोबत फोलिक अ‍ॅसिड घ्यावे लागते, जिवंत विषाणूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेता येत नाहीत. या औषधाचा एक धोका खरोखर प्राणघातक आहे: आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाणे. लोकांना सावध करायचेच होते तर संदेशाने हे सांगायला हवे होते, आठवड्याचा वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा म्हणून.

जुन्या पिढीच्या मनात औषधांची जी भीती आहे ती मला वाटते स्टेरॉईडची आहे आणि ती निराधार नाही. संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉईड प्रथम 1948 मध्ये दिले गेले, 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळाले आणि त्यानंतर ते इतके वापरले गेले की अनेक मुलांची उंची खुंटली, चेहरे गोल झाले, हाडे ठिसूळ झाली. नेमक्या याच कारणासाठी आज मेथोट्रेक्सेट लवकर सुरू करतात: स्टेरॉईड कमीत कमी लागावे म्हणून. एकाच सांध्यात टोचलेले स्टेरॉईड ही वेगळी गोष्ट असून त्याचा बाकी शरीरावर फारसा परिणाम होत नाही. आणि तोंडाने बरेच दिवस घेतलेले स्टेरॉईड एखादा संदेश वाचून एका रात्रीत बंद करणे हे ते घेण्यापेक्षा घातक आहे, कारण तोवर शरीराने स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉईड, कॉर्टिसोल, बनवणे कमी केलेले असते. मेथोट्रेक्सेट पुरले नाही तर आता बायोलॉजिक औषधे, म्हणजे दाह पेटवणारा एखादा नेमका घटक अडवणारी औषधे, आहेत. त्यांतले एटानरसेप्ट अमेरिकेत मुलांसाठी 1999 मध्ये मंजूर झाले. ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

‘दुखायचे थांबले की बंद करा’ हा प्रयोग मी चौदाव्या वर्षी स्वतः केला आहे. शुक्रवारची गोळी मी पुस्तकाच्या कव्हरमध्ये लपवत असे. दोन महिने काहीच झाले नाही आणि मी मनातल्या मनात डॉक्टरांना हरवले. मग एका सकाळी उजव्या मनगटाने पेन धरेना. ते मनगट आजही पूर्ण मागे वळत नाही. आजार शांत आहे असे म्हणण्यासाठी डॉक्टर दुखण्याखेरीज पुष्कळ काही पाहतात: एकाही सांध्यात सूज नाही, डोळ्यात दाह नाही, ईएसआर आणि सीआरपी या दाहाच्या रक्ततपासण्या ठीक, सकाळचा आखडलेपणा पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. अशी स्थिती अनेक महिने टिकली की मगच औषध थांबवण्याचा विचार होतो आणि त्यानंतरही आजार उलटू शकतो म्हणून लक्ष ठेवावे लागते.

राहिला मूलबाळाचा मुद्दा. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहणे धोक्याचे आहे हे खरे; म्हणून मूल हवे असेल तेव्हा ते डॉक्टरांच्या सल्ल्याने बरेच आधी थांबवतात आणि गर्भारपणात चालणारी दुसरी औषधे देतात. त्यावरून मूल होतच नाही असा अर्थ काढणे चूक आहे. हे बोलणे किशोरवयातच, आईवडील दाराबाहेर असताना, मुलीशी थेट व्हायला हवे. मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याच्या त्या वर्षांत कितीतरी जणांच्या तपासण्या सुटतात, कारण तोवर सगळे आईनेच सांगितलेले असते.

संदेश पाठवणाऱ्या चौघांपैकी एकीने परवा फोनवर विचारले, ‘अगं, पण आता तर तुला काही त्रास दिसत नाही?’ मी तिला माझी सकाळ सांगितली. गजर वीस मिनिटे आधीचा, गरम पाण्यात मनगटे, मग जाड दांड्याचा ब्रश, मग काम. तिने जरा थांबून विचारले की तिची नात सकाळी चड्डी घालताना भिंतीला टेकते, ते काही असेल का. मी तिला दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून, वाटीजवळचे खळगे पाहायला सांगितले आणि संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ आजच घ्यायला सांगितली.