कोयनेचा प्रत्येक सौम्य धक्का हा पूर्वधक्का नव्हे

कोयना-वारणा परिसरात जमीन हलली की पाटण, कराड आणि शिराळा तालुक्यांतील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आजचा सौम्य धक्का हा पूर्वधक्का असून ७२ तासांत १९६७च्या कोयना भूकंपाची पुनरावृत्ती होणार आहे, सूर्याकडून येणारा ‘फोरशॉक’ (पूर्वधक्क्याला इंग्रजीत हाच शब्द आहे) उपग्रहांनी अवकाशातही टिपला आहे, आणि चीनने १९७५ साली भूकंप आधीच ओळखला होता, त्यामुळे आपले शास्त्रज्ञ सारे माहीत असून गप्प आहेत. हा संदेश वाचून लेकराबाळांसह अंगणात रात्र जागून काढणारी माणसे आहेत, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान पूर्वधक्क्याचे. मोठा भूकंप होऊन गेला की त्याच जागी आधी बसलेल्या लहान धक्क्यांना पूर्वधक्के म्हटले जाते. मोठा झालाच नाही तर तेच धक्के साधे ठरतात. धक्का बसतो त्या क्षणी भूकंपमापकाच्या आलेखावरून हा फरक सांगता येत नाही. जपानजवळच्या समुद्रात ९ मार्च २०११ रोजी ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा तो मुख्य धक्काच मानला गेला. दोन दिवसांनी ९.० तीव्रतेचा भूकंप आला आणि मग आधीचा पूर्वधक्का ठरला. दक्षिण कॅलिफोर्नियातील नोंदींवर १९८५ साली झालेल्या अभ्यासात ३ किंवा त्याहून अधिक तीव्रतेच्या शंभर धक्क्यांपैकी साधारण सहांनंतरच पाच दिवसांत त्याच परिसरात त्याहून मोठा धक्का बसल्याचे दिसले, आणि तो ‘मोठा’ धक्काही बहुतेकदा थोडासाच मोठा होता.

कोयनेचा स्वतःचा इतिहास याहून बोलका आहे. १९६२च्या सुमारास कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यापासून येथे ५ किंवा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त, ४च्या वरचे सुमारे दोनशे आणि त्याहून लहान हजारो धक्के नोंदले गेले. ६च्या वर गेलेला भूकंप मात्र एकच, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. प्रत्येक धक्क्यानंतर हा संदेश पाठवला असता तर तो हजारो वेळा खोटा ठरला असता. धक्के पावसाळ्यानंतर वाढतात, यालाही कारण आहे. जलाशय भरला की पाण्याचा दाब भेगांतून खोलवर पोहोचतो आणि आधीच ताणलेला भ्रंश, म्हणजे खडकांतील मोठी भेग, सरकायला निमित्त मिळते. हीच प्रक्रिया जवळून पाहता यावी म्हणून कराडच्या केंद्रीय प्रयोगशाळेने गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विवर घेतले; त्यात सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ ओलांडल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला.

लोकांची भीती निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १९६७च्या मोठ्या भूकंपाआधी १३ सप्टेंबरला ५च्या वरचा धक्का बसला होता. पण त्या दोहोंत तीन महिन्यांचे अंतर होते. किल्लारीतही १९९२च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर धक्के जाणवले, मग ते ओसरले, आणि विनाश झाला तो जवळपास वर्षभराने, ३० सप्टेंबर १९९३ला. ७२ तासांच्या मुदतीला या दोन्ही घटनांत आधार सापडत नाही.

या संदेशाला उत्तर म्हणून ‘लहान धक्क्यांनी ताण मोकळा होतो, निश्चिंत राहा’ असेही कोणी लिहितो. तेही चूक आहे. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, ६.३ तीव्रतेच्या भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ३.३ तीव्रतेचे तीस हजारांहून अधिक धक्के लागतील. इटलीत ला’क्विला येथे २००९ साली महिनोन् महिने धक्के बसत असताना एका अधिकाऱ्याने लोकांना असाच दिलासा दिला होता. ६ एप्रिलला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे गेली.

आता अवकाशातील फोरशॉक. उपग्रहांनी तो टिपला हे खरे, पण भूगर्भातील भ्रंशाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. सूर्यापासून निघालेल्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांचा सौरवारा सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने अखंड वाहत असतो. ओढ्यातल्या दगडापुढे पाणी तुंबावे, तसा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापुढे, सूर्याच्या बाजूला सुमारे ९० हजार किलोमीटरवर, एकाएकी मंदावतो आणि तापतो. या आघातसीमेवरून काही आयन (विद्युतभारित कण) चुंबकीय रेषांच्या वाटेने उलट सूर्याकडे परततात, समोरून येणाऱ्या प्रवाहाशी त्यांची गाठ पडते आणि लाटा उठतात. त्यांचे एक आवर्तन बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते. सीमेपुढच्या या खळबळीच्या पट्ट्याला शास्त्रज्ञ फोरशॉक म्हणतात. तो काळाने आधी येत नाही, जागेने पुढे असतो, आणि कोयनेची जमीन शांत असतानाही असतोच. नासाने २०१५ साली सोडलेल्या एमएमएस मोहिमेचे चार उपग्रह त्याच्यासारख्याच भागांतील कणांचा अभ्यास करतात. सौरवादळांमुळे मोठे भूकंप होतात का, याचीही पडताळणी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संशोधकांनी २०१३ साली केली. त्यांना अर्थपूर्ण संबंध आढळला नाही.

राहिला चीनचा दाखला. ४ फेब्रुवारी १९७५च्या हायचेंग भूकंपाआधी लहान धक्क्यांची मोठी रीघ लागली होती आणि लोकांना घराबाहेर काढले गेले, हे खरे आहे. संदेशात पुढचे वर्ष गाळले आहे. २८ जुलै १९७६ रोजी तांगशान येथे ठळक पूर्वधक्क्यांशिवाय भूकंप झाला आणि सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार लोक दगावले. लपवाछपवीचा आरोप तर थेट उलटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने २००५ पासून कोयनेतील लहान धक्क्यांच्या जमावावरून अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला, मे २००६ मध्ये त्यांचा एक अंदाज खरा ठरला, आणि हे सारे त्यांनी शोधनिबंधात उघडपणे छापले. तो अंदाज सुमारे ४ तीव्रतेच्या धक्क्याचा होता. १९६७च्या भूकंपात त्याच्या दोन-अडीच हजार पटींहून अधिक ऊर्जा होती, आणि तसा भूकंप येथे नोंदींत एकदाच झाला असल्याने ही पद्धत त्याला लागू पडते की नाही, हे पारखायला दुसरे उदाहरणच उपलब्ध नाही.