अमेरिकेत रेल्वे मेली म्हणे!

आमच्या आत्ये-मामेभावंडांच्या ग्रुपवर मागे एक फॉरवर्ड येऊन पडला. तुमच्याकडेही आला असेल. वर मथळा, ‘महासत्तेच्या रेल्वेचं विदारक सत्य’, खाली सहा मुद्दे आणि शेवटी तीन तिरंगे. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे मेल्यात जमा आहे, लोकांनीच तिला टाकलं, ती बैलगाडीच्या वेगानं जाते, सरकारी असल्यामुळे कायम उशिरा येते, न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला तीन दिवस घेते आणि वर विमानापेक्षा जास्त पैसे मागते, आणि तिच्यात गर्दुल्ल्यांशिवाय कुणी बसत नाही, तेव्हा बायकामाणसांनी आणि म्हाताऱ्यांनी चुकूनही चढू नये.

तो वाचून माझे बाबा भारतातून फोनवर म्हणाले, “लिहिणारा गाडीत बसलेला दिसत नाही.” बाबा दौंडला मालगाडीचे गार्ड होते. दोन वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन मी शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलहून ‘कॅलिफोर्निया झेफर’ या लांब पल्ल्याच्या गाडीनं पार सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलपर्यंत गेले. त्या दोघांना रूमेट, म्हणजे झोपायची छोटी खोली, आणि मी साध्या डब्यात खुर्चीवर. तेव्हा दोन्ही बाजूंनी बघून बोलतेय.

आधी ‘मेल्यात जमा’चं बघू. ॲमट्रॅकनं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीनं, 2024 च्या आर्थिक वर्षात 3 कोटी 28 लाख प्रवासी नेले, आणि तोपर्यंतचा तो त्यांचा विक्रम होता. आता यावर आपण हसू शकतो, हसावंही; भारतीय रेल्वे एवढी माणसं दोन दिवसांच्या आत नेते. त्यातही बरीचशी माणसं बोस्टन-न्यूयॉर्क-वॉशिंग्टन पट्ट्यातली आणि राज्यांच्या छोट्या मार्गांवरची. लांब पल्ल्याच्या पंधरा मार्गांच्या वाट्याला त्यातले चाळीस लाखांच्या आसपास आले. फॉरवर्डवाल्याला इथे अर्धे मार्क द्यायला माझी हरकत नाही. पण ‘अमेरिकेत रेल्वे मेली’ हे वाक्य मुळातच चूक आहे. जगातलं सगळ्यात लांब रेल्वेचं जाळं आजही अमेरिकेचंच, दोन लाख किलोमीटरच्या वर. फक्त ते माणसांसाठी उरलेलं नाही. त्यावर कोळसा, मका, कंटेनर आणि मोटारी फिरतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण उशिराचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

‘लोकांनीच तिला टाकलं’ हे अर्धसत्य. विमानं आली, मोटारी आल्या, सगळं खरं. पण 1956 साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि त्या रस्त्यांचा नव्वद टक्के खर्च केंद्र सरकारनं उचलला. रूळ मात्र खाजगी कंपन्यांचे, त्यांनी आपल्या खिशातून सांभाळायचे. तरी या गाड्या चालत होत्या, कारण त्यांना टपालाचे डबे जोडलेले असत आणि टपालखात्याच्या पैशावर निम्मा संसार निघत असे. 1967 साली टपालखात्यानं ती कामं काढून विमानांना आणि ट्रकना दिली. मग कंपन्या गाड्या बंद करायला परवानग्या मागू लागल्या. 1970 मध्ये अध्यक्ष निक्सनच्या सहीनं कायदा झाला, 1 मे 1971 रोजी ॲमट्रॅक सुरू झाली आणि आदल्या दिवसापर्यंत धावणाऱ्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या एका रात्रीत थांबल्या. त्या रात्री कुणी प्रवाशांचं मत घेतलेलं नव्हतं. (कामगार दिन, महाराष्ट्र दिन आणि ॲमट्रॅकचा वाढदिवस एकच, हे बाबांना फार आवडलं.)

बैलगाडीच्या वेगाचं आता. हा मुद्दा तर माझ्या दारातलाच निघाला. 25 एप्रिल 1946 ला आमच्या नेपरव्हिल स्टेशनात थांबलेल्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळली आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. मागची गाडी होती ‘एक्स्पोझिशन फ्लायर’, म्हणजे आजच्या झेफरची पूर्वज. त्यानंतर पुढच्या वर्षी नियम आला: इंजिनात सिग्नल दाखवणारी किंवा गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा जिथे नाही, तिथे ताशी 80 मैलांच्या खालीच राहायचं. म्हणून बहुतेक मार्गांवर आजही 79 मैलांची मर्यादा. किलोमीटरमध्ये 127. आपल्या राजधानी एक्स्प्रेसची बहुतेक ठिकाणी 130 असते. बैलगाडी कुठली आणि कशी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सरासरीचं म्हणाल तर झेफर 3,924 किलोमीटर 52 तासांत जाते, म्हणजे ताशी 75. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी आपली विवेक एक्स्प्रेस चार हजारांहून थोडं जास्त अंतर तोडायला तीन दिवसांच्या वर घेते. वंदे भारतशी तुलना करायचीच असेल तर ती ॲमट्रॅकच्या वेगवान ‘ॲसेला’शी करा, जी ईशान्येच्या पट्ट्यात ताशी 150 मैल गाठते आणि तिचे नवे डबे 160.

शिवाय या 75 मध्ये डोंगर धरलेत. डेन्व्हरला सकाळी आठला गाडी सुटते तेव्हा ती 1,600 मीटरवर असते. दोनेक तासांत ती 2,800 मीटरवरच्या मॉफॅट बोगद्यात शिरते. चढणीवर एक मोठं वळण आहे, तिथे रुळांशेजारी जुन्या वाघिणींची रांग उभी दिसली. बाबा खिडकीला नाक लावून. “एवढा चांगला माल इथे सडत का ठेवलाय?” डब्यातल्या अटेंडंटनं सांगितलं: त्या वाळूनं भरून रुळांना कायमच्या जखडल्यात, वारा अडवायला. तिथला वारा गाड्या रुळांवरून उलथवतो. बाबांनी ते दोनदा वदवून घेतलं आणि मग आईला, जणू आपणच शोध लावलाय अशा थाटात, तिसऱ्यांदा सांगितलं. पुढे बोगदा आला: दहा किलोमीटर, 1928 सालचा. आत असताना एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ नका, दारं उघडली की डिझेलचा धूर आत येतो, अशी घोषणा झाली. आईनं पदर नाकाला लावला तो कॉलराडोचं ऊन दिसेपर्यंत काढला नाही.

आता उशीर. इथे फॉरवर्ड खरं बोलतो, गाड्या उशिरा येतात, कधीकधी भयंकर. चूक आहे ती कारणात. ‘सरकारी म्हणून’ हे आपलं आवडतं कारण, कुठेही चिकटतं.

त्याच दुपारी, ग्रँड जंक्शनच्या पुढे, आमची गाडी हळू होत थांबली. आम्ही काचेच्या छताच्या डब्यात बसलेलो. बाबा उठून उभे राहिले.

“लूपला घेतलं आपल्याला. क्रॉसिंग आहे.”

लूप म्हणजे मुख्य रुळांशेजारची बाजूची लाइन. पाच मिनिटांत समोरून कोळशाची मालगाडी आली. बाबा बोटांवर मोजू लागले. एकशे सात वाघिणी झाल्या आणि शेवटी दोन इंजिनं. “बँकर लावलेत,” ते खुशीत म्हणाले. बोरघाटात चढणीसाठी कर्जतहून मागे जादा इंजिनं जोडतात ना, तसे. मी सांगितलं, त्यांच्यात माणूस नाही, पुढचा ड्रायव्हरच रेडिओवरून ती चालवतो. त्यावर ते काही बोलले नाहीत. मग त्यांच्या लक्षात आलं की ब्रेकव्हॅन आलीच नाही. “आणि गार्ड?” गार्ड नाही, बाबा. 1980 नंतर इथे मालगाडीचा शेवटचा डबा काढून टाकला, त्याच्या जागी एक लुकलुकणारा लाल दिवा असतो. छत्तीस वर्षं त्या शेवटच्या डब्यात बसलेला माणूस बराच वेळ रिकाम्या रुळांकडे बघत राहिला. मग विचारलं ते नेमकं फॉरवर्डवाल्याला न सुचलेलं: “पण मालगाडीसाठी पॅसेंजरला लूपमध्ये घालतात? ही कुठली पद्धत?”

पद्धत अशी की ॲमट्रॅकच्या गाड्या ज्या मार्गांवर धावतात, त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त मैल तिच्या मालकीचेच नाहीत. रूळ मालवाहू कंपन्यांचे, सिग्नल त्यांचे, कंट्रोलरही त्यांचाच. 1973 पासून कायदा सांगतो की प्रवासी गाडीला आधी वाट द्यावी. पण तो मोडला तर कोर्टात जाण्याचा हक्क फक्त केंद्राच्या न्यायखात्याला, आणि न्यायखातं एवढ्या वर्षांत गेलं ते दोनदा: 1979 साली सदर्न पॅसिफिकविरुद्ध आणि 2024 साली नॉरफोक सदर्नविरुद्ध. त्यात मालगाड्या दोन-तीन किलोमीटर लांब झाल्यात. कित्येक लूप त्यांना पुरतच नाहीत. मग कंट्रोलरनं मनात आणलं तरी बाजूला कुणाला घेणार? जी लूपमध्ये मावते तिला. म्हणजे खाजगी रुळांवरची सरकारी पाहुणी खोळंबते आणि आळशी म्हणून नाव तिचंच होतं. डबेही म्हातारे आहेत. पश्चिमेकडचे ते दुमजली सुपरलायनर पहिल्यांदा रुळांवर आले 1979 साली, त्यातले पुष्कळ अजून पळतायत.

न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिसच्या हिशोबाबद्दल फार लिहायला नको, कारण अशी थेट गाडीच नाही. शिकागोला किंवा असंच कुठेतरी बदलावी लागते. तिकिटाचं म्हणाल तर झोपायची खोली महाग असते, बहुतेक वेळा विमानाहून महागच. मात्र तिच्यात दोन रात्रींचा मुक्काम आणि सगळी जेवणं आली. खुर्चीचं तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. पासष्टच्या वरच्यांना दहा टक्के सूट, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं तिकीट. तीस दिवसांत दहा टप्प्यांचा पास गेली काही वर्षं 499 डॉलरला मिळतो. पण खरी गफलत वेगळीच आहे: या गाडीला विमानाची फूटपट्टी लावणं.

साध्या डब्यात कंडक्टर तिकीट तपासून तुमच्या डोक्यावरच्या कपारीत एक कागदाची चिठ्ठी खोचतो, तिच्यावर उतरायच्या स्टेशनाची तीन अक्षरं असतात. म्हणजे झोपलेल्याला वेळेवर उठवता येतं. आमच्या बाबांना ही युक्ती एवढी आवडली की माझी चिठ्ठी त्यांनी उतरताना मागून घेतली. तर पहिल्या संध्याकाळी मी पाय मोकळे करायच्या निमित्तानं त्या चिठ्ठ्या वाचत डबाभर फिरले. गेल्सबर्ग, ऑटम्वा, ऑसिओला, ओमाहा, डेन्व्हर. एमरीव्हिलची ‘ई-एम-वाय’ अक्षरं माझ्यासकट चौघांच्या डोक्यावर. बाकी सगळे मधल्या गावांचे. शेजारी बसलेले आजोबा आयोवातल्या क्रेस्टनला उतरणार होते. दृष्टी अधू झाली म्हणून त्यांचं लायसन्स गेलेलं, मुलगी शिकागोला, आणि गावातून विमान नाही. ही गाडी नसेल तर मुलगी येऊन नेईल तेव्हाच जायचं, असं ते म्हणाले, फार काही दुःख न करता. तिकडे उत्तरेत ‘एम्पायर बिल्डर’ मोंटानातल्या वुल्फ पॉइंट, माल्टा, हॅवर अशा गावांतून जाते. हिवाळ्यात रस्ता बर्फानं बंद झाला की तिथल्या माणसांना विमानाचं भाडं स्वस्त आहे हे सांगून बघा. आपल्याकडे कुणी कोयना एक्स्प्रेसची तुलना कोल्हापूरच्या विमानाशी करत नाही. किर्लोस्करवाडीला उतरणाऱ्याला त्या विमानाचा काय उपयोग?

एक गोष्ट मात्र मीच फॉरवर्डवाल्याच्या पदरात टाकते, त्याला सुचली नव्हती. ‘सनसेट लिमिटेड’ आणि ‘कार्डिनल’ या दोन गाड्या आठवड्यातून तीनदाच धावतात. काही गावांना गाडी येते ती मध्यरात्री दोनला. अशा गाडीच्या जिवावर कुणी दवाखान्याची तारीख घेऊ शकत नाही. रेल्वेवर टीका करायची तर ही करावी.

राहता राहिले गर्दुल्ले. मी दोन रात्री त्या डब्यात एकटी झोपले. एक कुटुंब आमिश, म्हणजे जुन्या वळणानं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं होतं, बायका टोपड्यांत, पुरुष दाढीवाले. विमानात न बसणारी ही मंडळी या गाड्यांची जुनी गिऱ्हाइकं. एक कॉलेजचा मुलगा, एक आजी विणकाम करणारी. नशेत असलेला एक जण दिसला खरा; कंडक्टरनं त्याला दोनदा समज दिली आणि पुढच्या स्टेशनवर उतरवलं. डायनिंग कारमध्ये चौघांचं टेबल भरेपर्यंत अनोळखी माणसांना शेजारी बसवतात. आईचं इंग्रजी ‘येस’, ‘नो’ आणि ‘व्हेरी नाइस’ एवढंच, तरी नेब्रास्काच्या एका बाईनं तिला नातवंडांचे चाळीस फोटो दाखवले. म्हाताऱ्यांनी चढू नये म्हणे!

कुणाला जायचंच असेल तर माझ्या चुकांवरून काही गोष्टी. उतरल्यावर त्याच दिवशीचं पुढचं विमान धरू नका. पासपोर्ट आणि कागद अंगावर ठेवा, सीमेजवळच्या मार्गांवर विचारणा होते. खुर्चीवाल्यांना पांघरूण मिळेल असं धरून चालू नका. मी धरलं आणि युटाच्या थंडीत आईची शाल घेऊन झोपले. सॅन फ्रान्सिस्कोत गाडी जात नाही, एमरीव्हिलहून पुढे बस आहे. आणि खाणं घरचं न्या. दुधातल्या दशम्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मऊ होत्या. लसणीची चटणी तेवढी डबीत घट्ट बंद करा, नाहीतर अख्खा डबा विचारायला येतो.