बेन वॉलेस, माझी आई आणि ३ मिनिटं २० सेकंद

रविवारी सकाळी खेळून झाल्यावर आम्ही सात-आठ जण नेहमीप्रमाणे मिसळ खायला गेलो. (हो, मामलेदार. हो, मीडियमच. चाळिशी जवळ आली, तिखटाशी झुंजायची हौस उरली नाही.) बोलता बोलता गाडी एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) जुन्या फायनल्सवर गेली आणि आमच्यातला सगळ्यात धाकटा गडी, जो २००४ साली पाळण्यात होता, पाव मोडत म्हणाला, "२००४ ची फायनल पिस्टन्सनी कुठे जिंकली दादा, लेकर्सनी घालवली. शॅक आणि कोबीचं पटत नव्हतं, मलोनचा गुडघा गेला होता. विषय संपला."

समोर तर्री होती म्हणून मी गप्प बसलो. पण घरी आल्यापासून घशाशी अडकलंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल त्यांनीच वाचा.

२००४ ची गोष्ट सगळे अशीच सांगतात, हरलेल्याच्या ओट्यावर बसून. लेकर्सकडे शकील ओ'नील (म्हणजे शॅक), कोबी ब्रायंट, उतारवयात अजिंक्यपदासाठी आलेले कार्ल मलोन आणि गॅरी पेटन, कोच फिल जॅक्सन, ज्याच्या नावावर तोवर ९ अजिंक्यपदं. एवढं असून डेट्रॉइट पिस्टन्सकडून ४-१ असे हरले, अरेरे, कसे काय हरले? मलोन जायबंदी होता हे खरं, शेवटची मॅच तो खेळलाच नाही. ड्रेसिंग रूममधली कुरबुरही खरी. पण समोर कोणी उभं होतं की नाही? की लेकर्स भिंतीवर आपटले आणि भिंत आपोआप उभी राहिली होती?

त्या भिंतीचं नाव बेन वॉलेस. पिस्टन्सचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा गडी.

१६ जून २००४, बुधवार. डेट्रॉइटला अजून मंगळवारची रात्र, इकडे नौपाड्यात आमच्या दोन खोल्यांत सकाळचे साडेसहा. मी नववीत, शाळा दुपारची, त्यामुळे टीव्ही माझा. मालिका ३-१, म्हणजे पिस्टन्सना आज जिंकलं की कप. आई ओट्यापाशी बाबांच्या डब्याच्या पोळ्या लाटत होती. तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कॉमेंटेटर सारखा कोबी, कोबी करायला लागला तेव्हा तिने लाटणं थांबवून विचारलं होतं, "नावच कोबी? भाजीचा?"

पण आई शाळेत असताना खो-खो खेळलेली. तीही संरक्षणातली. त्यामुळे तिची नजर वेगळीच. बॉल ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे ती बघतच नव्हती. दहाएक मिनिटांनी म्हणाली, "तो झिपऱ्या कोण रे? त्या हत्तीला एकटाच धरून बसलाय. बाकीचे त्याच्या जिवावर मोकळे आहेत."

झिपऱ्या म्हणजे बेन. फुगवलेला भलामोठा अॅफ्रो, कपाळाला पट्टी. हत्ती म्हणजे शॅक. आणि आईने पोळी उलथता उलथता जे सांगितलं ते आख्ख्या मालिकेचं गणित होतं. मला ते नीट कळायला अजून दहा वर्षं लागली.

ज्यांनी शॅक फक्त यूट्यूबवर पाहिलाय त्यांच्यासाठी. उंची ७ फूट १ इंच, वजन कागदोपत्री १४७ किलोच्या आसपास. बेन कागदावर ६ फूट ९ इंच आणि ११० किलोच्या आत. सेंटरच्या मानाने बुटकाच. शॅकला रिंगखाली बॉल मिळाला की दोघांनी घेरायचं ही तेव्हाची रीत होती. दोघे गेले की बाहेर कोणीतरी मोकळा सुटतो, शॅक त्याला पास देतो (पास चांगला द्यायचा तो, हे लोक विसरतात) आणि तिथून थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटांचा शॉट. २०००, २००१ आणि २००२ अशी सलग ३ अजिंक्यपदं लेकर्सनी घेतली, त्यातलं अर्धं काम या एका भीतीने केलं होतं.

पिस्टन्सचा कोच लॅरी ब्राउन. त्याने बहुतेक वेळा शॅकला घेरलंच नाही. बेनला मागे एकटं उभं केलं, मधूनमधून एल्डन कॅम्पबेल या दुसऱ्या धिप्पाड गड्याचं वजन वापरलं आणि उरलेल्या चौघांना सांगितलं, आपला माणूस सोडायचा नाही. आता हे फळ्यावर लिहायला सोपं आहे. मागे उभा राहणारा माणूस हवा ना तसा.

बेनचं खरं काम बॉल यायच्या आधीच होऊन जायचं. शॅक धावत खाली यायचा तेव्हा हा त्याच्या आवडत्या जागेवर आधीच कंबर खाली घालून तयार. हात पाठीला टेकवलेला. ढकलाढकली सुरू. शॅकला बॉल मिळायचा, नाही असं नाही, पण हवा होता तिथून दोन पावलं लांब. मग पाठ लावून आत रेटत जायचं, पुन्हा दोन दणके द्यायचे आणि खायचे. हे एकदा नाही, प्रत्येक वेळी, पाचही मॅच. मी स्वतः सेंटर खेळलोय, ९० किलोच्या माणसाला पाठीने रेटून धरलं तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं. त्या दोन पावलांना स्कोअरशीटवर रकाना नाही.

"पण शॅकने तर धुतलं ना त्याला?" हे आता कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. हो, शॅकची मालिकेतली सरासरी २६.६ पॉइंट. चौथ्या मॅचला तर ३६ पॉइंट आणि २० रिबाउंड (शॉट चुकल्यावर पकडलेले बॉल). ती मॅच लेकर्स ८८-८० हरले. शॅकने आपला वाटा घेतला, पण त्याच्या ताटातलं बाकी कोणाला मिळालंच नाही. पाच मॅचमध्ये मिळून लेकर्सची सरासरी ८१.८. तिसऱ्या मॅचला ६८, अडुसष्ट! कोबीचे शंभरातले जेमतेम ३८ शॉट आत गेले. त्याचं पहिलं श्रेय टेशॉन प्रिन्सचं, तो काटकुळ्या आणि लांबलचक हातांचा, कोबीला सोडतच नव्हता. पण प्रिन्सला चुकवून आत घुसलं की पुढे कोण दिसायचं? झिपऱ्या. बाजूला रशीद वॉलेस (आडनाव तेच, नातं काही नाही). दुसऱ्या मॅचला शेवटचे २.१ सेकंद उरलेले असताना कोबीने थ्री मारून बरोबरी केली आणि लेकर्सनी ती ओव्हरटाइममध्ये काढली. तो एक बॉल रिंगला लागून बाहेर आला असता तर मालिका ४-० झाली असती आणि आमचा धाकटा गडी मिसळ खाताना वेगळं काही बोलला असता. कदाचित.

पाचवी मॅच. १००-८७. बेन वॉलेस, १८ पॉइंट आणि २२ रिबाउंड. कारकिर्दीत ज्याची सरासरी ६ पॉइंटसुद्धा नाही, त्याने कप उचलायच्या रात्री १८ मारले. आणि २२ रिबाउंड! लेकर्स शॉट चुकवायचे आणि बॉल जणू पत्ता विचारत त्याच्याकडे जायचा. आपला चुकला तरी पुन्हा तोच वर. चौथ्या क्वार्टरमध्ये आईने गॅस बंद करून स्टूल ओढलं. बाबांचा डबा अर्धा तास उशिरा निघाला आणि त्यांची नेहमीची लोकल चुकली. ते अजून काढतात.

मग बक्षीस. फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू, पिस्टन्सचाच चॉन्सी बिलप्स.

बिलप्सबद्दल माझी काही तक्रार नाही. सरासरी २१, डोकं शांत, टीमचा आधार. दिलं तर चुकलं असं कोणी म्हणणार नाही, आणि नेमकं तेच मला खुपतं. कारण फायनल्सला बक्षीस एकच, आणि ते देताना पहिली नजर पॉइंट्सच्या रकान्यावर जाते. एनबीएत सर्वोत्तम बचावपटूचा मान आहे, बेनने तो ४ वेळा घेतला, २००२, २००३, २००५, २००६. (मधलं वर्ष बघा. ज्या वर्षी कप जिंकला त्याच वर्षी तो दुसऱ्याला, रॉन आर्टेस्टला. नशीब म्हणतात ते हेच.) पण तो मान साखळी सामन्यांसाठी. फायनल्समध्ये धरून ठेवणाऱ्यासाठी वेगळं काही नाही.

त्या दिवशी मॅच संपल्यावर आईने विचारलं, "त्या झिपऱ्याला काय दिलं?" मी म्हटलं, काही नाही. तिला पटेना. "असं कसं? उत्कृष्ट संरक्षक कोण मग?"

तिच्या दृष्टीने प्रश्न अगदी सरळ होता. आपल्याकडे खो-खोच्या कुठल्याही स्पर्धेत उत्कृष्ट आक्रमक असतो, उत्कृष्ट संरक्षक असतो आणि अष्टपैलू असतो. कबड्डीत उत्कृष्ट चढाई आहे तशी उत्कृष्ट पकड आहे. कोपऱ्यावरच्या गड्याने मांडी धरली की गुण लागतो, तो त्याच्या नावावर जमा. खो-खोची बातमी वाचली असेल तर आठवेल, नावापुढे कंसात मिनिटं छापतात. किती गडी बाद केले हे जसं लिहितात तसंच किती वेळ बाद झाली नाही हेही. आईच्या ट्रंकेत एक कात्रण आहे, शाई उडालेली, त्यात तिच्या माहेरच्या नावापुढे (३.२० मि.) असं छापलंय. तीन मिनिटं वीस सेकंद ती खुंटांच्या मधे हुलकावण्या देत पळत राहिली, त्यात तिने मिळवलं काहीच नाही, फक्त समोरच्यांना मिळू दिलं नाही. आणि ते पेपरात आलं.

अमेरिकेतल्या आकडेवेड्यांना हे सुचायला वेळ लागला. आता कोण समोर असताना कोण किती टक्क्यांनी मारतो हे सगळं मोजतात. २००४ ला ते साध्या प्रेक्षकाच्या हातात नव्हतं, म्हणून गोष्ट चार दिग्गजांची झाली.

बेन कुठून आला तेही थोडक्यात सांगतो. अॅलाबामातलं व्हाइट हॉल नावाचं छोटं गाव, ११ भावंडांतला दहावा. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) ५८ नावं पुकारली गेली. तेराव्या नंबरवर कोबी. बेनचं नाव ५८ मध्ये कुठेच नाही. २००० साली ग्रँट हिल हा डेट्रॉइटचा स्टार डेट्रॉइट सोडून ऑरलँडोला गेला, त्या व्यवहारात बदल्यात आलेल्या दोघांतला हा एक. मोठी वस्तू घेतल्यावर दुकानदार सुट्टे परत देतो तसा. ४ वर्षांनी त्या सुट्ट्यांनी कप आणला.

आणि भक्ती आंधळी नको, म्हणून हेही लिहितो. फ्री थ्रो (फाउल झाल्यावर लाइनवरून मिळणारा मोकळा शॉट) भयंकर. कारकिर्दीत शंभरातले जेमतेम ४१. तो लाइनवर उभा राहिला की मी उशी तोंडावर घ्यायचो.

आमच्या शाळेच्या टीममध्ये मी उंच म्हणून सेंटर. एका स्पर्धेत सेमीफायनलला समोरचा दांडगा पोरगा, आधीच्या मॅचला २४ मारून आलेला, माझ्यासमोर ६ वर अडकला. माझे स्वतःचे २. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी पॉइंट्सच्या क्रमाने नावं वाचली, आणि माझ्यापर्यंत यायच्या आधी घंटा झाली. राग वगैरे नाही आता. आईला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "किती वेळ धरलास त्याला?"

२०२१ मध्ये बेन हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला. तिला मोबाइलवर फोटो दाखवला. झिपऱ्या तिने ओळखला. म्हणाली, "सतरा वर्षं लागली होय?" आणि परत भाजी निवडायला लागली. कोबी नव्हता, मेथी होती.

तर धाकट्या, तुला टॅग करतोय. येत्या रविवारी तू पॉइंट गार्ड (बॉल खेळवणारा) नाहीस. तू रिंगखाली उभा राहणार, आपल्या बँकवाल्या दादांसमोर, ज्यांचं वजन ते स्वतः ९८ सांगतात. चार क्वार्टर, डबल टीम (दोघांनी घेरणं) नाही, मदतीला कोणी येणार नाही. वेळ मी लावतो. नंतरची मिसळ माझ्याकडून, तिखट हवी तर तिखट.