२४ तासांची पूर्वसूचना

भाडेकरूच्या न्हाणीघराबाहेरील भिंतीला ओल आली आहे, असा निरोप आला म्हणून मी प्लंबरला घेऊन माझ्याच मालकीच्या घरी गेलो. प्लंबरला आत घेण्यात आले आणि मला बाहेर ठेवण्यात आले.

दार भाडेकरूच्या वडिलांनी उघडले. म्हणजे साखळी परवानगी देईल तेवढी फट पडली आणि तिच्यातून आधी एक चष्मा व मागोमाग एक प्रश्न बाहेर आला.

"आपण कोण?"

"मी घरमालक."

"कशावरून?"

मी ओळखपत्र पुढे केले. त्यांनी ते आत ओढून घेतले, त्यावरील छायाचित्र माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिले आणि "यात केस बरेच आहेत" एवढाच शेरा मारून परत केले. मग त्यांनी करारनामा आणला आणि मालकाने किमान २४ तास आधी लेखी सूचना देऊन व भाडेकरूची संमती घेऊनच जागेत प्रवेश करावा, हे कलम मला स्वल्पविरामांसकट मोठ्याने वाचून दाखवले.

"काका, हे कलम मीच घातलं आहे."

"फार चांगलं घातलंय. आता पाळा."

"सूचना काल दिली होती."

"किती वाजता?"

"सव्वाअकराला."

त्यांनी घड्याळ पाहिले. "आता अकरा वाजून पाच मिनिटं झालीत."

"मग दहा मिनिटं थांबतो."

"अवश्य थांबा. पण ते सूचनेचं झालं, संमतीचं काय? ती मुलाने द्यायची आणि तो मीटिंगमध्ये आहे. तातडीच्या दुरुस्तीसाठी कारागिराला केव्हाही येता येतं, ते पुढच्या कलमात आहे. त्यात तुमचं नाव नाही."

तत्त्वतः त्यांचे सर्व बरोबर होते, हेच मला अधिक झोंबले. घर भाड्याने दिले की मालकी आपली राहते, परंतु ताबा भाडेकरूचा असतो. दुसरी किल्ली खिशात घालून वाटेल तेव्हा उगवणाऱ्या मालकांना लोक शिव्या देतात आणि त्या योग्यच असतात. मी तसा होऊ नये म्हणून किती खबरदारी घेतली होती! घर देताना भिंतीभिंतीची तारखेसह छायाचित्रे काढली, मीटरचे आकडे दोघांच्या सह्यांनिशी नोंदवले, अनामत रक्कम आपली नव्हेच असे मानून वेगळ्या खात्यात ठेवली. इतकेच काय, या कुटुंबाची चौकशी मी त्यांच्या तेव्हाच्या घरमालकाकडे न करता त्याच्याही आधीच्या मालकाकडे केली होती, कारण त्रासदायक भाडेकरू घराबाहेर पडावा म्हणून सध्याचा मालक त्याची आरती ओवाळायलाही कमी करत नाही. आधीच्या मालकाने "माणसे अत्यंत नियमाने वागणारी आहेत" असे सांगितले होते. त्याच्या आवाजात तेव्हा एक थकवा होता, त्याचा अर्थ मला आता उलगडला.

सुदैवाने पाण्याचा मीटर दाराबाहेर होता, त्यामुळे मला काम मिळाले. प्लंबरने आतील सर्व नळ बंद केले आणि मी मीटरसमोर उभा राहिलो: आकडा सरकला तर गळती पाणी आणणाऱ्या नळात, नाही सरकला तर सांडपाण्याच्या नळात किंवा फरशीच्या सांध्यांत. बराच वेळ आकडा हलला नाही. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाने मी काय करतो आहे हे विचारले आणि मीटर पाहतो आहे हे माझे उत्तर कोणालाही पटले नाही. अखेरीस फरशीचे सांधे उघडे पडल्याचे निघाले, ते भरण्याचा खर्च अर्थातच माझा, आणि काम समाधानकारक झाल्याचे वडिलांनी मला फटीतूनच कळवले. घराच्या मालकाला आपली भिंत पाहण्यासाठी प्लंबरच्या फोनमधील अंधूक छायाचित्रावर विसंबावे लागावे, यात हसण्यासारखे काय आहे, हे घरच्यांनी मला अद्याप नीट समजावलेले नाही.

संध्याकाळी भाडेकरूचा अतिशय नम्र संदेश आला: "दुरुस्तीबद्दल आभार. मात्र आपण स्वतः आत येऊन ओल पाहण्याची तसदी घेतली नाही, याचे बाबांना वाईट वाटले."