मोबाईल हिसकला की पोरगी बोलायची बंद होते

आज आमच्या ग्रामसभेत ठराव आला. 18 वर्षांखालच्या पोराच्या हाती मोबाईल दिसला तर घरच्यांना दंड. पुसद तालुक्यातल्या बान्सीनं 2022 मध्येच अशी बंदी केली, आपण काहून मागे, असं भाषण झालं. टाळ्याही पडल्या. भाषण करणाऱ्या भाऊंचा फोन मधातच वाजला, ते जाऊ द्या.

मला राग आला तो टाळ्यांचा. बंदी म्हटली की मोबाईल कोणाचा जातो, हे काय आपल्याला माहीत नाही? पोट्टा पानठेल्यावर रात्री उशिरापर्यंत गेम खेळत बसतो, त्याला कोणी हटकत नाही. पोरीचा तेवढा लगेच हिसकतात.

मागच्या कापूस वेचणीत नात्यातली एक पोरगी माझ्यासोबत वावरात होती. अकरावीतली. (तिला विचारूनच लिहितेय, घरी आता सगळं माहीत आहे.) ओटी सोडून धुऱ्यावर बसली अन् फोन माझ्यापुढे धरला. कोणीतरी लग्नातला तिचा फोटो स्टेटसवरून उचलून इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं खातं काढलं होतं. वर व्हॉट्सॲपवर धमकी, पैसे दे नाही तर फोटो बिघडवून गावभर फिरवतो. तो नंबर तिनं कोणत्या नावानं सेव्ह केला होता? 'भूगोल मॅडम'. बापाच्या नजरेस पडला तरी शंका नको.

"घरी काहून नाही सांगितलं वं?"

"बाबा मोबाईल घेतीन अन् कॉलेज बंद करतीन, काकू."

त्या हरामखोरापेक्षा तिला बापाचं भ्या जास्त! अन् अशा लोकांचं सगळं दुकान त्याच भ्यावर चालतं.

बरं, रात्री एक-एक वाजेपर्यंत रील पाहणं वाईटच, मान्य. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी हाती दिलेला मोबाईल मग सुटलाच नाही, तेही खरं. मग जेवताना सगळ्यांचे फोन फळीवर ठेवा, बापाचासुद्धा. रात्री चार्जिंग ओसरीत लावा.

आम्ही मेसेज पुसले नाहीत, स्क्रीनशॉट काढले. एक रुपया दिला नाही. खातं ॲपमधूनच रिपोर्ट केलं, सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकली. खातं बंद झालं. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, लेकरांसाठी 1098 आहे. कोणाचा उघडा फोटो फिरवायची धमकी असेल तर 18 खालच्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची फुकट सोय आहे. त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो, त्यावरून फेसबुक-इन्स्टाग्रामवाले तो फोटो ओळखून काढतात. हे ग्रामसभेत कोणी सांगितलं का? नाही. दंड किती ठेवायचा, यावरच तासभर वाद.

तिच्या बाबांना मीच सांगितलं. आधी खूप तापले. मग बराच वेळ गप्प बसले अन् म्हणाले, "मले सांगाले भेत होती का ते?" माणूस वाईट नाही हो.

ठरावच करायचा असेल तर असा करा. जी लेक स्वतः येऊन सांगेल, तिचा मोबाईल घेणार नाही अन् तिचं शिक्षण थांबवणार नाही. त्यावर पहिली सही माझी.